कार्ड आणि खाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सरकारी योजनांचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, 'फुकट वाटून वाटून सरकारने तिजोरी रिकामी केली.' दुसरा म्हणतो, 'गरिबाच्या पदरात दोन पैसे पडले की तुमच्या पोटात का दुखते?' लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या पंगतीत हा वाद मी कितीतरी वेळा ऐकला आहे. २०२४ साली 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली, तेव्हा मीरा रोडच्या आमच्या इमारतीत एकाच मजल्यावर ही दोन्ही मते नांदत होती. योजनेला नावे ठेवणाऱ्या एका घरातूनही अर्ज गेलेला होता, हे मला ठाऊक आहे, कारण तो मीच भरून दिला होता.

माझी सगळी नोकरी हिशेब लिहिण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून शेजारपाजारच्या लोकांना अर्ज भरून देणे, दाखले कुठे मिळतात ते सांगणे, रुग्णालयात सोबत जाणे, अशी कामे मी करते. मी डॉक्टर नाही आणि कोणत्याही पक्षाची सभासद नाही. हिशेबाची सवय असल्यामुळे योजना म्हटली की मला दोन प्रश्न सुचतात. पैसे कोणाचे? आणि वस्तू ज्याच्यासाठी होती त्याच्यापर्यंत पोहोचली का? आरोग्याच्या बाबतीत हे दोन प्रश्न मी दोन साध्या शब्दांत मांडते : कार्ड आणि खाट. कार्ड म्हणजे उपचाराचे पैसे सरकार भरील, हे आश्वासन. खाट म्हणजे प्रत्यक्ष रुग्णालय, तिथला डॉक्टर, परिचारिका आणि औषध. आपले राजकारण बहुतेक कार्डाभोवती फिरते. आजारी माणसाला मात्र दोन्ही लागतात.

आधी 'फुकट' या शब्दाकडे पाहू. पगारदार माणसाच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो. वर्षाचे अडीच हजार. हा कर कुठून आला, हे फार थोड्यांना आठवते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली लाखो माणसे खडी फोडायला गेली. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना वाढली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तिचे शिल्पकार. मागेल त्याला काम द्यायचे तर पैसा हवा, म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराने आणि व्यावसायिकाने खेड्यातल्या बिनकामाच्या हातांसाठी दरमहा काही रक्कम द्यायची, असा तो व्यवहार होता. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी असाच कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्यापुढे होता.

त्या वेळीही 'आमच्या पैशावर खडी फोडायची सोय' अशी कुरकुर झालीच असेल. पण त्या योजनेत एक गोष्ट स्वच्छ होती. पैसा कोणाकडून येतो आणि कशासाठी जातो, हे कायद्यात लिहिलेले होते. फुकट काहीच नसते. कोणीतरी कधीतरी ते भरतेच. प्रश्न एवढाच असतो की ते सगळ्यांनी मिळून आधी थोडेथोडे भरायचे, की ज्याच्यावर वेळ येईल त्याने एकट्याने, त्याच दिवशी, दागिने मोडून भरायचे.

याहूनही जुने उदाहरण मुंबईचेच आहे. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या काळात कामगार स्त्रियांना रजा आणि भत्ता देण्याचे विधेयक चर्चेला होते. गिरण्यांवर याचा बोजा पडेल, असा विरोधकांचा आक्षेप होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भाग खरे तर सरकारने उचलायला हवा, असे त्यांचे मत होते. पण स्त्रीच्या श्रमाचा फायदा मालकालाही मिळतो, तेव्हा त्यालाही अंग काढून घेता येणार नाही, असेही त्यांनी सांगितले. १९२९ साली तो कायदा झाला. म्हणजे 'हे परवडेल का' आणि 'बोजा कोणी उचलायचा' हे प्रश्न आजचे नाहीत. शंभर वर्षांपूर्वीही ते होते आणि त्यांना उत्तर देणारी माणसेही होती.

आता आरोग्याचा खर्च पाहू. केंद्र सरकार दरवर्षी देशाच्या आरोग्यखर्चाचा हिशेब मांडते. त्यात एक आकडा असतो, लोकांनी उपचारांच्या वेळी स्वतःच्या खिशातून किती भरले याचा. २०१३-१४ साली आरोग्यावरच्या एकूण खर्चात हा वाटा ६४.२ टक्के होता. २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट लहान नाही. पण तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये माणूस आजारी असताना त्याच्याच खिशातून जातात. त्याच वर्षी केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून आरोग्यावर केलेला खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत तो अडीच टक्क्यांवर नेण्याचे म्हटले होते. 'सरकार आरोग्यावर फार उधळते' असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

आता कार्डाकडे येऊ. महाराष्ट्रात १९९७ साली जीवनदायी आरोग्य योजना आली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा निवडक मोठ्या आजारांसाठी गरिबांना मदत, असे तिचे स्वरूप होते. तिच्या जागी २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पिवळे आणि केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत, ९७२ प्रकारचे उपचार. पण पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे होते. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर त्यांत होते, ठाणे नव्हते.

याचा अर्थ आमच्या भागातल्या लोकांना चांगला कळला. दहिसरचा नाका ओलांडला की मुंबई उपनगर जिल्हा संपतो आणि ठाणे जिल्हा सुरू होतो. नाक्याच्या पलीकडच्या केशरी कार्डाला दीड लाखाचे मोल होते, अलीकडच्या केशरी कार्डावर फक्त धान्य मिळत होते. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजना राज्यभर लागू झाली, तोपर्यंत सोळा महिने ही स्थिती होती. आजाराला नाका ठाऊक नसतो, योजनेला असतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, पाच लाखांची. एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र चालवल्या जाऊ लागल्या. पांढऱ्या कार्डाची बहुतेक कुटुंबे, कोविडच्या काळातला अपवाद सोडला तर, बाहेरच होती. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचे कवच लागू झाले. आता महाराष्ट्राचे रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला असला की पुरते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचे वेगळे कार्ड मिळू लागले.

या कार्डांनी काम केले आहे, हे मान्य केले पाहिजे. अँजिओप्लास्टी, कर्करोगावरचे उपचार, अपघातानंतरच्या शस्त्रक्रिया, डायलिसिस हे पूर्वी ज्यांच्या आवाक्यातच नव्हते, त्यांना ते मिळाले. 'योजना म्हणजे नुसती मतांची पेरणी' असे म्हणणाऱ्याने एखाद्या डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकावर अर्धा तास बसावे.

पण त्याच बाकावर दुसरी बाजूही दिसते. आमच्या वसाहतीत घरकाम करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्या यजमानांची मूत्रपिंडे निकामी झाली. योजनेतून डायलिसिस मंजूर झाले, एक पैसा भरावा लागला नाही. पण जागा मिळाली ती लांबच्या केंद्रात. आठवड्यातून तीनदा रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा. रुग्णाला एकट्याला पाठवता येत नाही, म्हणून मावशींची दोन घरची कामे सुटली. एकदा मी त्यांना विचारले, 'सगळे फुकट आहे ना, मग एवढी ओढ का होते?' त्या म्हणाल्या, 'ताई, सुई फुकट आहे. जाणं-येणं फुकट नाही आणि बुडालेला रोज कोण देतं?' त्या महिन्याचा त्यांचा हिशेब मी कागदावर मांडला, तेव्हा प्रवास, औषधे आणि बुडालेले काम यांची बेरीज त्यांच्या घरभाड्याहून जास्त भरली.

कार्डाची आणखी एक मर्यादा आहे. ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असते. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाचे औषध, मुलाचा ताप, बाह्यरुग्ण विभागात सांगितलेली रक्ततपासणी, यांतले बहुतेक काही कार्डावर मिळत नाही. रक्तदाबाच्या गोळीचे पैसे नाहीत म्हणून गोळी बंद झाली, तर योजना तिकडे पाहत नाही. त्यामुळे पक्षाघात झाला आणि माणूस दाखल झाला, की मग लाखभराचा उपचार मंजूर होतो. हिशेबनीस म्हणून मला हे गणित कधीच पटलेले नाही.

शिवाय कार्ड चालते ते योजनेत सामील झालेल्या रुग्णालयांतच. प्रत्येक उपचाराचा दर, म्हणजे पॅकेज, सरकारने ठरवलेला असतो. 'दर परवडत नाहीत आणि देयके वेळेवर मिळत नाहीत,' ही खासगी रुग्णालयांची जुनी तक्रार. 'योजनेत असूनही खाट नाही असे सांगतात,' ही रुग्णांची जुनी तक्रार. दोन्हींत तथ्य असते. कार्ड हे शेवटी पैसे भरण्याचे वचन आहे. जिथे खाटच नाही, किंवा असून द्यायची नाही, तिथे त्या वचनाचे काय करायचे?

म्हणून आता खाटेकडे वळू.

स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा दिला. पैसे भरता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे त्याचे सूत्र होते. दूरच्या पल्ल्याचे त्यांचे स्वप्न असे, की दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचे एक रुग्णालय असावे. मीरा-भाईंदरला हे माप लावून पाहू. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजार झाली. वीस हजारांमागे ७५ खाटा धरल्या, तर २०११ च्या आकड्यालाच तीन हजार खाटा लागतील. भोर समितीचे स्वप्न बाजूला ठेवून आजच्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचे साधे माप घेतले, तरी पन्नास हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. म्हणजे २०११ च्या लोकसंख्येला सोळा.

हे शहर कसे वाढले ते पाहिले म्हणजे अडचण कळते. मिठागरे, शेती आणि उत्तनकडची कोळीवाड्यांची वस्ती, एवढेच इथे होते. मुंबईत घर परवडेना, तेव्हा लोक दहिसरच्या पुढे आले. १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. इमारती खासगी बिल्डरांनी बांधल्या, शाळा संस्थांनी काढल्या, नर्सिंग होम डॉक्टरांनी उघडली. रुग्णालय मात्र महापालिकेने काढायचे असते. महापालिकांच्या कायद्यात सार्वजनिक रुग्णालये आणि दवाखाने ही बंधनकारक कर्तव्यांत मोडतात, मर्जीची बाब नव्हे. पण पाणी, रस्ते आणि गटारे यांच्या मागे धावताना ते मागेच राहिले. मोठे दुखणे आले की मुंबई गाठायची, ही आमची रीत पडली. बोरिवली, कांदिवली, तिथे जमले नाही तर परळचे केईएम, नाही तर नायर किंवा जे. जे. मुंबईकरांच्या करातून चालणाऱ्या रुग्णालयांत आम्ही बाहेरचे. बाहेरच्यांकडून जास्त शुल्क घ्यावे, ही मागणी मुंबई महापालिकेत वेळोवेळी झालेली आहे. ती मला रुचत नाही, पण तिच्यामागचा हिशेब चुकीचा आहे, असेही म्हणता येत नाही.

भाईंदर पश्चिमेला टेंभा इथे आमच्या महापालिकेने सुमारे दोनशे खाटांचे रुग्णालय बांधले. भारतरत्न पंडित भीमसेन जोशी यांचे नाव त्याला दिले. इमारत उभी राहिली, पण ती चालवणे महापालिकेला झेपेना आणि पुढे ते रुग्णालय राज्य शासनाच्या आरोग्य विभागाकडे गेले. २०२० मध्ये कोविडच्या काळात तेच शहराचे मुख्य कोविड रुग्णालय झाले. ते नसते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

इमारत बांधता येते आणि चालवता का येत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. इमारतीचा खर्च एकदाच होतो, उद्घाटनाची फीतही एकदाच कापतात. खाटेचा खर्च रोज होतो. वॉर्डात एका वेळी एक परिचारिका हवी असेल, तर दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. एक परिचारिका आठवड्याला सहा पाळ्या करते. रजा आणि आजारपण धरले तर एका जागेसाठी निदान चार परिचारिका नेमाव्या लागतात. तसेच डॉक्टर, तंत्रज्ञ, सफाई कामगार. त्यावर औषधे, प्राणवायू, वीज, यंत्रांची दुरुस्ती. हे दर महिन्याला, कायमचे. तज्ज्ञ डॉक्टरला शेजारच्या खासगी रुग्णालयात दुप्पट-तिप्पट मिळत असताना सरकारी पगारावर टिकवणे, ही निराळीच कसरत. म्हणून कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याला कार्ड सोपे वाटते. कार्ड एका समारंभात हजार जणांना देता येते. खाट वर्षानुवर्षे सांभाळावी लागते आणि तिचा फोटो निघत नाही.

रुग्णालय राज्याकडे गेल्याचा एक फायदा झाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय अमलात आला. राज्याच्या रुग्णालयाला तो आपोआप लागू होतो, महापालिकेच्या रुग्णालयाला होत नाही. पण एक गोष्ट हातची गेली. महापालिकेचे रुग्णालय असताना 'औषध का नाही' म्हणून नगरसेवकाच्या दारात जाता येत होते. राज्याचे झाले की प्रश्न ठाण्याला आणि मंत्रालयात जातो. त्यातच ऑगस्ट २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. प्रशासकाने काम केले नाही, असे मी म्हणत नाही. पण मत मागायला पुन्हा दारात येणारा माणूस मध्ये नसला, की प्रश्नाची धार जाते.

जबाबदारीची ही टोलवाटोलवी आपल्या रचनेतच आहे. राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हा राज्याचा विषय. महापालिकेच्या कायद्यात ते महापालिकेचे कर्तव्य. आयुष्मान कार्डावर केंद्राचा शिक्का. तिघांचीही नावे फलकावर असतात. खाट नसते तेव्हा मात्र प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा एक निकाल सर्वांना ठाऊक असायला हवा. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला पुढे पाठवले. कुठे साधने नव्हती, कुठे खाट रिकामी नव्हती. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून त्याने उपचार घेतले. न्यायालयाने सांगितले की तातडीचे उपचार न मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला पुढे करता येणार नाही. २५ हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. रोज लोकलच्या दारात लटकून चर्चगेटला जाणाऱ्या आमच्या शहराला या निकालाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. त्या मजुराचा प्रश्न कार्डाचा नव्हताच, खाटेचा होता.

मग कोणते मत बरोबर? सरकारने रुग्णालये चालवावीत, की विमा काढून द्यावा आणि माणसाला हवे तिथे जाऊ द्यावे? जगात दोन्ही वाटांनी देश पुढे गेले आहेत. ब्रिटनने ५ जुलै १९४८ पासून करांतून चालणारी आरोग्यसेवा उभी केली. जर्मनीत १८८३ पासून कामगार आणि मालक यांच्या वर्गणीचा विमा आहे. आपल्या राज्य कामगार विम्याचा १९४८ चा कायदा याच विचाराचा. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांतल्या पात्र कामगाराच्या पगारातून कापली जाणारी रक्कम ती हीच. अमेरिकेत या प्रश्नावर अजूनही निवडणुका लढवल्या जातात. आपल्याला जवळचे उदाहरण थायलंडचे. तिथे २००२ साली सर्वांना आरोग्यहक्क देणारा कायदा झाला. पण त्याआधीची सुमारे वीस वर्षे त्यांनी जिल्ह्यांत आणि तालुक्यांत रुग्णालये बांधली, परिचारिका घडवल्या. खाट आधी तयार होती, मग कार्ड दिले. म्हणून ते चालले.

माझे मत यावरून तयार झाले आहे. कार्ड हवेच, मोठ्या आजारात ते संसार वाचवते. पण कार्डावरचा पैसा वाढत असताना खाटेवरचा पैसा मागे राहिला, तर तोच पैसा नाइलाजाने खासगी दारात जातो, आणि जिथे खासगी दारही नाही तिथे तो पोहोचतच नाही. मीरा रोडला निदान खासगी दारे आहेत. उत्तनच्या कोळणीला तीही लांबच आहेत. सरकारी खाट जवळ असली की आणखी एक गोष्ट होते. शेजारच्या खासगी रुग्णालयालाही दर आवरते घ्यावे लागतात, कारण रुग्णाला दुसरी जागा आहे.

मतभेद असू द्यावेत. कोणाला लाडकी बहीण योग्य वाटेल, कोणाला त्याच पैशांत दवाखाने व्हायला हवे होते असे वाटेल. दोन्ही बाजूंच्या माणसांनी एक करावे. यापुढे कोणीही उमेदवार दारात आला, की त्याने काय दिले किंवा काय देणार, एवढ्यावर थांबू नये. माझ्या प्रभागातले आरोग्य केंद्र कुठे आहे आणि ते संध्याकाळी, कामावरून परतल्यावर, उघडे असते का? तिथे रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी महिनाभराची मिळते का? रात्री दोन वाजता बाळंतीण आली किंवा कोणी लोकलमधून पडले, तर शहरातल्या कोणत्या सरकारी रुग्णालयात त्याला घेतील? तिथे डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती? आणि यातले काही नसेल, तर जाब कोणाला विचारायचा, महापालिकेला, राज्याला की केंद्राला?

मंजूर आणि भरलेल्या जागांचा आकडा माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतो. त्यासाठी कोणत्याही पक्षाचे असावे लागत नाही. आमच्या भागातल्या काही जणांना मी आता योजनेच्या अर्जासोबत हा अर्जही भरून देते. पाच लाखांचे कार्ड कपाटात सुरक्षित असावे, यात वावगे काहीच नाही. पण ते घेऊन ज्या खाटेपाशी जायचे, ती कुठे आहे आणि तिच्याजवळ रात्री कोण असते, हे आजारपण येण्याआधीच प्रत्येकाने विचारून ठेवावे, एवढीच माझी आजची विनंती आहे.